सुनावणीच्या टेबलापलीकडे बसणाऱ्या साहेबांना खुले पत्र

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील सर्व शिस्तभंगविषयक प्राधिकारी, चौकशी अधिकारी आणि सादरकर्ते अधिकारी

विषय : विभागीय चौकशी नियमाप्रमाणे करणेबाबत.

महोदय,

विषय वाचून हसू आलं असेल तर आधीच माफी मागतो. ‘सदर चौकशी नियमानुसारच सुरू आहे’ हे उत्तर आपल्याकडे तयार असतं, हे मला ठाऊक आहे. नोकरीची पहिली काही वर्षं ती उत्तरं मीच टाइप करत होतो. महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून मी निवृत्त झालो. आस्थापना शाखेत होतो तेव्हा दोषारोपपत्रं तयार करायचो. पुढे सहकाऱ्यांचा बचाव सहाय्यक म्हणून, म्हणजे चौकशीत त्यांची बाजू मांडायला, बसू लागलो, तेव्हा तसल्याच दोषारोपपत्रांतली भोकं शोधायचो. आता तालुक्यातली पोरं प्लास्टिकच्या पिशवीत कागद घालून घरी येतात आणि मी ओट्यावर बसून ते वाचून देतो. या पत्रात कुठल्या कार्यालयाचं वा साहेबांचं नाव नाही. ज्याचं त्याला ओळखू येईल.

३१ मेपासून सुरुवात करतो. आमच्या वेळी पोराला शाळेत घालताना गुरुजी त्याच्या उंचीकडे बघून १ जून ही जन्मतारीख टाकून मोकळे व्हायचे. त्यामुळे आमच्या पिढीतलं अर्धं कार्यालय ३१ मेला एकदम रिकामं होतं. असाच एक ३१ मे. बाहेर जळगावचं ऊन, आत कूलर हवेपेक्षा पाणीच जास्त फेकतोय. टेबलावर शाल, श्रीफळ, हार, पेढ्यांचा खोका. निवृत्त होणाऱ्यांत आमचे एक नाना होते, मंडळ अधिकारी. भाषणं झाली, फोटो झाला. फोटो झाल्यावर आस्थापनेचा शिपाई हळूच त्यांच्या कानाशी लागला, ‘नाना, एक सही द्या,’ आणि पोचवही पुढे केली. नानांना वाटलं, सेवापुस्तकाचं काही असेल. एका हातात नारळ धरून त्यांनी दुसऱ्या हातानं सही केली. लिफाफ्यात शिस्त व अपील नियमांतल्या नियम ८ खालचं, म्हणजे मोठ्या शिक्षेच्या चौकशीचं, दोषारोपपत्र होतं. बाब नऊ वर्षांपूर्वीच्या एका फेरफार नोंदीची.

हा योगायोग नव्हता, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. निवृत्तीनंतर नव्यानं चौकशी लावायची तर महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधला नियम २७ आडवा येतो. शासनाची मंजुरी लागते आणि घटना चार वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. माणूस सेवेत असतानाच कागद हातात पडला की ही दोन्ही कुंपणं आपोआप ओलांडली जातात. म्हणून नऊ वर्षं झोपलेली नस्ती (फाइल) मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दचकून उठते. नोंद खरंच चुकीची असेल, मी नानांची शपथ घेत नाही. पण ती चुकीची आहे हे ज्या दिवशी कार्यालयाला कळलं, त्या दिवसापासून नानांच्या निरोपसमारंभापर्यंत कार्यालय काय करत होतं? नानांना तात्पुरतं निवृत्तिवेतन सुरू झालं, उपदान (ग्रॅच्युइटी) अडकलं. गावाकडच्या धाब्याच्या घरावर त्या पैशांतून स्लॅब टाकायचा होता. पुढचे तीन पावसाळे ते दर मृगाआधी धाब्यावर खारी माती टाकून घेत होते.

उशिरानं नुसता पैसा अडकत नाही. नऊ वर्षांत नोंद लिहिणारा तलाठी बदलून गेला, अर्जदार म्हातारा वारला, आवक नोंदवही कुठल्या गठ्ठ्यात आहे हे सांगणारा अभिलेखपाल निवृत्त झाला. बचावासाठी माणूस आणणार कोणाला? बारा वर्षांहून जास्त उशिरानं लावलेली चौकशी पुढे चालू देणं अन्यायाचं आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं बानी सिंग प्रकरणात १९९० सालीच म्हटलं. प्रेमनाथ बाली प्रकरणात २०१५ साली तर मुदतच घालून दिली : शक्यतो सहा महिन्यांत संपवा, आणि अगदी अपरिहार्य कारण असलं तरी एका वर्षाच्या पलीकडे नेऊ नका. आपली स्वतःची विभागीय चौकशी नियमपुस्तिकाही सहा महिन्यांचीच भाषा करते. मी पाहिलेल्या चौकश्यांत सहा महिन्यांत संपलेली चौकशी आठवायची म्हटलं तर मला डोकं खाजवावं लागतं.

आता एका शब्दाविषयी. दोषारोपपत्र निघालं रे निघालं की तो माणूस आपल्या कागदावर ‘अपचारी’ होतो. ‘अपचारी यांना कळविण्यात येते की’, ‘अपचारी गैरहजर’, ‘अपचारी यांचा खुलासा समाधानकारक नाही’. अपचार म्हणजे गैरवर्तन आणि अपचारी म्हणजे ते केलेला. कोर्टात खुनाच्या खटल्यातल्या माणसालासुद्धा निकाल लागेपर्यंत ‘आरोपी’ म्हणतात. इथे चौकशीची पहिली तारीख लागण्याआधीच निकाल विशेषण होऊन चिकटतो. शब्दानं काय होतं, असं आपण म्हणाल. रोज शंभरदा तो शब्द टाइप करणाऱ्या कारकुनाला विचारा, त्याच्या मनात तो माणूस निर्दोष असण्याची शक्यता तरी उरते का. मी स्वतः टाइप केलाय, म्हणून सांगतो. तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला, ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी झाला, पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. तसा ‘अपचारी’च्या जागी ‘संबंधित कर्मचारी’ लिहायला कुठल्या नव्या शिक्क्याचीही गरज नाही.

नियम काही कमी पडतात असं मला वाटत नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३११ नं शासकीय कर्मचाऱ्याला बडतर्फ करण्याआधी, काढून टाकण्याआधी किंवा पदावनत करण्याआधी आरोप कळवून म्हणणं मांडायची वाजवी संधी देणं बंधनकारक केलंय. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मधला नियम ८ त्या संधीची पायरी न् पायरी लिहून ठेवतो. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्याला १९६४ चे जिल्हा सेवा (शिस्त व अपील) नियम आहेत. नियम ८ मी इतक्यांदा वाचलाय की आता त्याची पोटनियमांसकट लय पाठ झालीय. तो लिहिणारा माणूस शहाणा होता. बिघडतं ते नियमाचं पान आणि सुनावणीची खोली यांच्यामधल्या अंतरात.

रावेर–यावल पट्ट्यातलं एक प्रकरण सविस्तर सांगतो. जूनच्या तोंडावर आपल्याकडे वावटळीसह वादळ येतं आणि काढणीला आलेली केळी एका रात्रीत आडवी होते, हे खानदेशातल्या अधिकाऱ्याला वेगळं सांगायला नको. अशाच एका वादळानंतर संयुक्त पंचनामे झाले. संयुक्त म्हणजे तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक, तिघांच्या सह्या. वरून तगादा होता, चार दिवसांत याद्या हव्या होत्या. याद्या गेल्या, अनुदान वाटलं गेलं. मग तक्रार झाली की काही नावांपुढे बाधित क्षेत्र वाढवून लिहिलंय. प्राथमिक चौकशी झाली आणि दोषारोपपत्र निघालं एकट्या तलाठ्यावर. पंचनामा तिघांचा, यादी तिघांची, सह्या तिघांच्या, आणि आरोपी एक. दोन किंवा जास्त कर्मचारी एकाच प्रकरणात असतील तर सामायिक कार्यवाही करायची सोय नियम १२ मध्ये आहे. पण तिघं तीन खात्यांचे, तीन साहेबांची संमती कोण गोळा करणार! जो आपल्या हाताखाली तो पकडला.

दोषारोपपत्राला नियमाप्रमाणे चार जोडपत्रं. तिसऱ्यात कागदपत्रांची यादी, चौदा कागद. प्रत्यक्षात जोडलेले नऊ. त्यातल्या तीन झेरॉक्स अशा काळ्या की पंचनाम्यावरच्या सह्या शाईचे डाग वाटाव्यात. तलाठी पोरगा माझ्याकडे आला, अमळनेरकडचा, बोलणं अहिराणी वळणाचं. त्यानं पिशवी ओट्यावर उलटी केली आणि म्हणाला, ‘अण्णा, मना गुन्हा काय शे, हाई तं सांगा.’ दोषारोपात लिहिलं होतं, ‘आपण सचोटी व कर्तव्यपरायणता राखली नाही.’ वर्तणूक नियमांच्या नियम ३ मधलं हे वाक्य प्रत्येक दोषारोपपत्रात असतंच. पण कुठल्या गटनंबरात किती क्षेत्र वाढवलं, खरं किती होतं, ते कोणी आणि कधी मोजलं, यातलं काही नाही. ‘काही खातेदारांचे क्षेत्र वाढवून’, एवढंच. ‘काही’ या शब्दाला माणूस उत्तर काय देणार?

आम्ही उरलेले पाच कागद मागितले. शिवाय कृषी सहायकाकडची कच्ची यादी आणि मोबाईलवर काढलेले फोटो मागितले. दीड महिन्यानं एका ओळीचं उत्तर आलं : ‘मागणी केलेली कागदपत्रे प्रकरणाशी संबंधित नसल्याने देता येत नाहीत.’ त्यातले पाच कागद तुम्हीच जोडपत्र ३ मध्ये दाखवलेले होते, साहेब. ते तुमच्याच प्रकरणाशी संबंधित नव्हते?

मग तारखा. पहिल्या तारखेला खात्याची बाजू मांडणारा सादरकर्ता अधिकारी निवडणुकीच्या कामात. दुसरीला त्यांची बदली. तिसरीला नवे आले, त्यांनी नस्ती वाचलेली नव्हती. सव्वा वर्षांत चार सादरकर्ते अधिकारी झाले. शेवटी एक साक्षीदार आला, साठीचा शेतकरी, डोक्याला उपरणं. प्राथमिक चौकशीतल्या त्याच्या जबाबावर सगळी मदार. मी विचारलं, ‘बाबा, हा जबाब तुम्ही सांगितला?’ ते म्हणाले, ‘लिहून आणला होता, मी अंगठा दिला.’ ‘वाचून दाखवला?’ ‘नाही.’ ‘तुमचं क्षेत्र वाढवून लिहिलं असं तुम्ही म्हणाला होतात?’ ‘मी कशाला म्हणू? माझी बाग तेवढीच पडली.’

मी खूश झालो. संध्याकाळी रोजनामा, म्हणजे त्या दिवसाच्या कामकाजाची नोंद, सहीला आला. त्यात होतं : ‘अपचारी यांच्या बचाव सहाय्यकाने साक्षीदाराची उलटतपासणी घेतली. विशेष काही निष्पन्न झाले नाही.’

त्या एका वाक्यानं मला जे शिकवलं ते कुठल्या प्रशिक्षणात शिकायला मिळालं नाही. मी सही करायला नकार दिला, प्रश्नोत्तरं शब्दशः लिहून घ्या असं अर्जावर दिलं. चौकशी अधिकारी माणूस वाईट नव्हता. म्हणाला, ‘अण्णासाहेब, एवढं सगळं टाइप कोण करणार? माझ्याकडे स्टेनो नाही.’ खरं होतं ते. त्यांच्याकडे स्टेनो नव्हता, प्रिंटर दुसऱ्या शाखेचा होता, आणि स्वतःचं मूळ काम सांभाळून त्यांच्या गळ्यात अशा अकरा चौकश्या होत्या. पण अडचण त्यांची, आणि शिक्षा त्या पोराला? वरचं न्यायाधिकरण किंवा उच्च न्यायालय पुरावा नव्यानं तोलत बसत नाही, चतुर्वेदी प्रकरणापासून (१९९५) हे पक्कं झालंय. ते बघतात चौकशी नीट झाली का, निष्कर्षाला काही तरी पुरावा आहे का. म्हणजे त्या म्हाताऱ्यानं खोलीत काय सांगितलं हे जगात फक्त एकाच ठिकाणी उरणार, रोजनाम्यात. तिथे ‘विशेष काही निष्पन्न झाले नाही’ लिहिलं की तो म्हातारा बोललाच नाही.

अहवाल आला, ‘दोषारोप अंशतः सिद्ध’. हे ‘अंशतः’ खानदेशात फार चालतं. कुठला अंश? उत्तर नाही. दोन वेतनवाढी रोखल्या. अपिलात शिक्षा रद्द होऊन प्रकरण परत आलं आणि पुन्हा पहिल्या तारखेवर उभं राहिलं.

साक्षीपुराव्याचा कायदा विभागीय चौकशीत जसाच्या तसा लागत नाही, हे मला मान्य आहे. हरियाणातल्या एका बस कंडक्टरच्या प्रकरणात, रतनसिंग प्रकरण म्हणतात त्याला, सर्वोच्च न्यायालयानं १९७७ मध्ये सांगितलं की बिनतिकीट प्रवाशांना साक्षीला बोलावलं नाही एवढ्यावरून चौकशी बिघडत नाही. इथे संशयापलीकडचा पुरावा लागत नाही, शक्यतांचं पारडं कुठे झुकतं ते पाहायचं. कोणी भाबडेपणानं फौजदारी खटल्यासारखी चौकशी मागितली तर मीच त्याला गप्प करतो. पण पारडं झुकायला त्यात काहीतरी टाकावं तर लागेल ना? सरोजकुमार सिन्हा प्रकरणात २०१० साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं की कर्मचारी हजर नसला आणि चौकशी एकतर्फी चालली, तरी खात्यानं आपला आरोप पुराव्यानिशी शाबीत केलाच पाहिजे, आणि चौकशी अधिकारी हा खात्याचा प्रतिनिधी नाही. २०१८ च्या रामलखन शर्मा प्रकरणात तर चौकशी अधिकाऱ्यानं सादरकर्त्याचीही भूमिका घेतली म्हणून चौकशीच टिकली नाही. आपल्याकडे सादरकर्ता आला नाही की चौकशी अधिकारी स्वतःच साक्षीदाराला विचारतो, ‘मग यांनीच केलं ना हे?’ तारीख वाचते, आणि चौकशी तिथेच खलास होते.

आपल्यापैकी काही जण मनात म्हणत असतील की हा चोरांचा वकील. त्यांच्यासाठी एक कबुली देतो, आजवर कुठे लिहिली नाही.

एका सरकारी धान्य गोदामाचा गोदामपाल होता. गव्हाची पोती कमी भरली. मी त्याचा बचाव सहाय्यक. त्यानं गहू विकला होता, हे मला ठाऊक होतं. मला त्यानं सांगितलं नव्हतं, पण गावात कोणाला माहीत नव्हतं? मी फक्त चौकशी कशी चाललीय ते बघत बसलो. साठा नोंदवहीची झेरॉक्स अहवालाला जोडली, मूळ वही कोणी सुनावणीत आणलीच नाही. पोती मोजणाऱ्या पथकातल्या एकाचीही साक्ष घेतली नाही, त्यांचा मोजणी अहवाल थेट ‘सिद्ध’ म्हणून धरला. पुरावा संपल्यावर कर्मचाऱ्यानं स्वतः साक्ष दिली नसेल, तर त्याच्याविरुद्ध आलेल्या गोष्टींबद्दल त्याला विचारायचं असतं, तेही कोणी विचारलं नाही. निकाल लागला, बडतर्फ. छत्रपती संभाजीनगरच्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात (आपले तिन्ही जिल्हे त्याच खंडपीठाखाली येतात) हे सगळं मांडलं गेलं. बडतर्फी गेली, नव्यानं चौकशीची मुभा मिळाली. तोवर पथकातला एक जण वारला होता आणि मूळ साठा नोंदवही गोदामाच्या स्थलांतरात गहाळ झालेली. गोदामपाल सुखानं निवृत्त झाला. दिवाळीला मला मिठाईचा डबा पाठवला, मी तो परत पाठवला. पण त्या डब्याला जेवढा तो जबाबदार, तेवढेच आपणही. सात-आठ जणांच्या साक्षी नीट लिहून घेतल्या असत्या, वही टेबलावर आणली असती, तर त्याला वाचवायला माझ्याकडे काही नव्हतं.

म्हणून ‘प्रक्रियेच्या फंदात पडलं की चोर सुटतात’ असं कोणी म्हणालं की मला तो गोदामपाल आठवतो.

निलंबनाबद्दल थोडं. लाच घेताना सापडला, अठ्ठेचाळीस तासांहून जास्त कोठडीत राहिला, तर निलंबन झाल्याचं मानलंच जातं, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण साध्या दप्तर दिरंगाईसाठी, आमसभेत कोणी आवाज चढवला म्हणून, ‘निलंबित करतो’ अशी घोषणा माइकवरून होते आणि आदेश मागाहून निघतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. निलंबन ही शिक्षा नाही, असं नियम म्हणतो. घोषणा करणाऱ्याच्या आवाजात मात्र ती शिक्षाच असते. तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिलं नाही तर निलंबन लांबवता येत नाही, असं अजयकुमार चौधरी प्रकरणात २०१५ साली ठरलं. आपल्या सामान्य प्रशासन विभागानं ९ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानं ते स्वीकारलं, नव्वद दिवसांचं बंधन स्वच्छ शब्दांत घातलं. तरी एकोणनव्वदाव्या दिवशी अर्धामुर्धा, जोडपत्रांशिवायचा कागद हातात देऊन मुदत ‘पाळली’ असं दाखवायची युक्ती निघालीच.

सध्या माझ्या ओट्यावर जे प्रकरण आहे ते एका आश्रमशाळेतल्या शिक्षकाचं. राहतो शिरपूर तालुक्यात, निलंबन काळातलं मुख्यालय दिलंय धडगाव, आणि सुनावणी लागते नाशिकला. मुख्यालय परवानगीशिवाय सोडायचं नाही, आणि परवानगीच्या अर्जावर उत्तर येतं तारीख उलटल्यावर. धडगावहून पहाटेची एसटी धरायची, घाट उतरायचा, शहाद्याला गाडी बदलायची. नाशिकला पोचेपर्यंत दुपार, तोवर पुकारा होऊन ‘गैरहजर’ अशी नोंद. डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा, कारण हॉटेलात जेवायचे पैसे नाहीत. निलंबनात पगाराऐवजी मिळणारा निर्वाह भत्ता पहिले तीन महिने साधारण अर्ध्या पगाराइतका. तीन महिन्यांनंतर, उशीर कर्मचाऱ्यामुळे झाला नसेल तर, तो निम्म्यानं वाढवता येतो. वाढवायचा की नाही याचा आढावा घ्यायला त्याच्या कार्यालयाला अजून सवड झालेली नाही. मधे दोन महिने भत्ताच निघाला नाही, कारण ‘दुसरी नोकरी करत नाही’ असं प्रमाणपत्र त्यानं दिलं होतं, ते आवक शाखेत पडून राहिलं.

मध्य प्रदेशात घनश्यामदास श्रीवास्तव नावाचा एक वनक्षेत्रपाल होता. राहायचा रेवाला, चौकशी जगदलपूरला, पाचशे किलोमीटरवर. निर्वाह भत्ता मिळाला नाही म्हणून तो चौकशीला जाऊ शकला नाही आणि चौकशी त्याच्याशिवाय उरकली. सर्वोच्च न्यायालयानं १९७३ साली म्हटलं की ही संधी दिली असं म्हणताच येत नाही. पन्नास वर्षं होऊन गेली. शिक्षकाला मी हे वाचून दाखवलं. तो म्हणाला, ‘अण्णा, त्याले तं कोर्ट भेटनं. माले आधी एसटी भेटू द्या.’

चौकशी अहवालाची प्रत शिक्षेआधी द्यायची असते, हे करुणाकर प्रकरणापासून (१९९३) सगळ्यांना तोंडपाठ आहे. आता बहुतेक ठिकाणी ती मिळते, एवढं श्रेय आपल्याला दिलंच पाहिजे. त्याच्या पुढची पायरी अजून चुकते. चौकशी अधिकाऱ्यानं ‘सिद्ध होत नाही’ असा अहवाल दिला आणि प्राधिकाऱ्याला तो पटला नाही, तर का पटला नाही याची कारणं आधी कर्मचाऱ्याला कळवून त्याचं म्हणणं ऐकायचं असतं. कुंजबिहारी मिश्रा, १९९८. आपल्याकडे अशी नस्ती साहेबांकडे जाते आणि मार्जिनमध्ये हिरव्या शाईत दोन शब्द येतात, ‘असहमत. शिक्षा प्रस्तावित करा.’ त्या हिरव्या शाईची झेरॉक्स माहिती अधिकारात मिळवून मी तीन प्रकरणं परत पाठवायला लावलीत. त्यामुळे माझं नाव कुठे चांगलं झालं नाही, याची मला कल्पना आहे.

आपल्या अडचणी खोट्या नाहीत. सादरकर्त्याला त्याच्या टेबलाचं काम सुटत नाही, चौकशी अधिकाऱ्याला स्टेनो नाही. चौकश्यांसाठी सेवानिवृत्त अधिकाऱ्यांची नामिका (पॅनल) झाली तेव्हा थोडा वेग आला, पण नस्तीच वेळेवर मिळाली नाही तर तेही बसून राहतात. मला नवा शासन निर्णय नको, मोबाईलवरची नवी प्रणाली तर मुळीच नको. जोडपत्र ३ मधला प्रत्येक कागद, वाचता येईल असा, दोषारोपपत्रासोबतच द्या. जो कागद कार्यालयालाच सापडत नाही तो यादीत लिहू नका. साक्षीदार बोलला ते प्रश्न-उत्तर असं लिहा. हातानं लिहिलं तरी चालेल, आम्ही वाचतो हातानं लिहिलेलं. आणि ‘अंशतः’ लिहिलंत तर पुढच्या ओळीत तो अंश लिहा.

धडगावच्या शिक्षकाची पुढची तारीख याच महिन्यात आहे, पुन्हा नाशिकला. त्यानं मुख्यालय सोडायच्या परवानगीचा अर्ज बारा दिवसांपूर्वी दिलाय. या वेळी मी त्याला आदल्या दिवशीच निघायला सांगितलंय, रात्री नाशिकला माझ्या साडूकडे झोपेल. एवढी मेहेरबानी करा : अर्जावर तारखेआधी उत्तर द्या, आणि सादरकर्ते अधिकारी येणार नसतील तर आदल्या दिवशी दुपारी बारापर्यंत त्याला फोन करा. त्याचा नंबर नस्तीच्या पहिल्याच पानावर, त्याच्या अर्जाखाली आहे. बारानंतर कळवून उपयोग नाही. तोवर तो शहाद्याच्या गाडीत बसलेला असेल आणि घाटात रेंज नसते.

आपला,
एक सेवानिवृत्त अव्वल कारकून
जळगाव जिल्हा